ओठ-टाळू दुभंगलेलं बाळ: पोटात असल्यापासून मोठं होईपर्यंत कधी काय करायचं

बाळाचा ओठ नाकपुडीपर्यंत फाटलेला दिसला की घरातल्या सगळ्यांचं लक्ष त्या ओठावरच खिळतं. फोटो काढायचे नाहीत, बारसं घरच्या घरी उरकायचं, कुणी आलं की तोंडावरून दुपट्याचं टोक ओढायचं. मी स्पीच थेरपिस्ट आहे. या मुलांशी माझी गाठ पडते ती बहुतेक वेळा उशिरा, शाळेतल्या बाईंनी ‘याचं बोलणं कळत नाही’ म्हणून पाठवल्यावर. ओठ छान शिवलेला असतो, चेहरा गोड दिसत असतो. आत मात्र टाळू उघडीच असते, नाहीतर शिवल्यानंतर पुन्हा कुणी बघितलेली नसते. चेहरा सुधारला, काम झालं, असं समजून आईबाप दवाखान्याची वाट सोडून देतात. ओठ हा या प्रकरणातला सोपा भाग आहे. खरी लढाई आधी वजनाची आणि नंतर बोलण्याची असते.

(या लेखात टाळू म्हणजे तोंडातलं वरचं छत. आजी तेल भरते ती डोक्यावरची टाळू वेगळी.)

हे होतं कसं, आणि ग्रहणाचं काय

पोटातल्या बाळाचा चेहरा सुरुवातीला अखंड नसतो. डाव्या-उजव्या बाजूंनी आणि वरून नाकाकडून असे मांसल भाग वाढत येतात आणि एकमेकांना चिकटतात. गर्भ राहिल्यापासून साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात वरचा ओठ असा जुळतो. टाळूचे दोन पडदे आधी जिभेच्या दोन्ही बाजूंना उभे लोंबत असतात. जीभ खाली सरकली की ते आडवे होतात आणि मधोमध जुळतात. हे काम बाराव्या आठवड्याच्या आसपास पुरं होतं. यात कुठेही खंड पडला की फट तशीच राहते. ती कधी फक्त ओठावर असते, कधी ओठ, हिरडी आणि टाळू असं आरपार, तर कधी नुसत्या टाळूला. साधारण ७०० ते १००० जन्मांमागे एक बाळ असं असतं. फाटलेला ओठ मुलग्यांत आणि डाव्या बाजूला जास्त दिसतो, नुसती फाटलेली टाळू मुलींत जास्त.

म्हणजे बाईला दिवस गेल्याचं नीट कळून नाव नोंदवेपर्यंत ओठाचा निकाल लागलेला असतो. सातव्या महिन्यात ग्रहणाच्या वेळी तिने भाजी चिरली, सुईत दोरा ओवला, अंगणात गेली म्हणून जुळलेला ओठ पुन्हा फाटत नाही. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री खग्रास चंद्रग्रहण अख्ख्या महाराष्ट्रावर होतं. त्या रात्री राज्यात गरोदर बायका काय थोड्या होत्या? उलट ज्या वर्षी आपल्याकडे ग्रहण दिसतही नाही, त्या वर्षीही अशी बाळं जन्मतातच. तरी ओपीडीत येणारी प्रत्येक सासू पहिला प्रश्न हाच विचारते आणि प्रत्येक आई मनात तारखा मोजत बसते. आईचा यात दोष नाही, हे डॉक्टरांनी एकदा घरच्या सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितलेलं बरं. तसं सांगायची विनंती करा, बहुतेक डॉक्टर सांगतात. आणि घरात ग्रहण पाळायचंच असेल तर वाद घालण्यात शक्ती घालवू नका, पण गरोदर बाईला तासन्‌तास उपाशी, बिनपाण्याचं आणि एका जागी बसवू नका. गोळीची वेळ तर चुकवायचीच नाही.

आधी काय करता येतं

सगळं टाळता येत नाही, हे आधीच सांगते. बऱ्याच बाळांत नेमकं एक कारण सापडत नाही. थोडी अनुवंशिकता, थोडी परिस्थिती असं मिळून घडतं. जे हातात आहे ते मात्र दिवस राहण्याच्या आधी करायचं असतं, नंतर नव्हे.

फॉलिक ॲसिड. रोज ४०० मायक्रोग्रॅम, गर्भ राहण्याच्या निदान एक महिना आधीपासून पहिले तीन महिने. पाठीच्या कण्याचे आणि मेंदूचे जन्मजात दोष याने कमी होतात हे पक्कं सिद्ध झालेलं आहे. १९९१ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या अभ्यासात, आधी असं बाळ झालेल्या बायकांत रोज ४ मिलिग्रॅम घेतल्यावर तो धोका ७२ टक्क्यांनी घटला होता. ओठ-टाळूसाठी पुरावा तितका भक्कम नाही, पण गोळी स्वस्त आहे, निर्धोक आहे आणि कण्यासाठी घ्यायचीच आहे. आपल्याकडे मेडिकलमध्ये सर्रास ५ मिलिग्रॅमची गोळी मिळते. ती कोणाला आणि ४०० मायक्रोग्रॅमची कोणाला, हे डॉक्टरांना ठरवू द्या. सरकारी दवाखान्यातली लोह आणि फॉलिक ॲसिडची एकत्र गोळी चौथ्या महिन्यापासून सुरू होते. ओठ-टाळूसाठी तोवर वेळ निघून गेलेली असते.

औषधं. फिट्सच्या गोळ्यांपैकी व्हॅलप्रोएट, टोपिरामेट, फेनिटॉइन यांचा ओठ-टाळूशी संबंध आहे. मुरुमांसाठी देतात ते आयसोट्रेटिनॉइन आणि संधिवातात देतात ते मेथोट्रेक्सेट गरोदरपणात चालतच नाही. पण फिट्सची गोळी परस्पर बंद करू नका, मोठी फिट आई आणि बाळ दोघांनाही घातक ठरते. लग्न ठरलं, किंवा मूल हवं असं ठरलं, की आधी डॉक्टरांकडे जाऊन गोळी बदलून घ्यायची.

साखर. आधीपासून मधुमेह असेल तर गर्भ राहण्याआधीच साखर आटोक्यात हवी. तिसऱ्या महिन्यात सुरू केलेलं पथ्य ओठासाठी उशिराचंच.

तंबाखू. सिगारेट ओढणाऱ्या आईत धोका वाढतो, हे स्पष्ट आहे. आपल्याकडे बायका सिगारेट ओढत नाहीत म्हणून हा मुद्दा सोडून दिला जातो, पण मिश्री? सकाळी तव्यावर भाजलेली मिश्री दातांना लावून तासभर तोंडात धरणं याला गावात कुणी व्यसन म्हणत नाही. नर्सताई विचारते तेव्हा उत्तर ‘कसलंच व्यसन नाही’ असं येतं आणि पदराला डबी बांधलेली असते. मिश्री म्हणजे तंबाखूच. बाळाचं वजन कमी भरण्यापासून बाळ पोटात दगावण्यापर्यंत तिचे परिणाम आहेत. घरात कुणी बिडी-सिगारेट ओढत असेल तर त्यांनीही बाहेर जावं.

नात्यातलं लग्न. मामाच्या मुलीशी, आतेभावाशी लग्न आपल्याकडे अनेक समाजांत चालतं. त्याने काही जन्मजात दोषांचा धोका वाढतो, आणि घराण्यात आधी कुणाचा ओठ किंवा टाळू फाटलेली असेल तर विशेष. लग्न झालेलंच असेल तर घाबरवण्यात अर्थ नाही. जेनेटिक सल्ला घ्या आणि पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी चुकवू नका.

एक मूल असं झालं तर पुढचं होण्याची शक्यता शंभरात साधारण तीन ते पाच. म्हणजे शंभरातल्या पंचाण्णवांना तरी होत नाही. याला एक अपवाद लक्षात ठेवा: बाळाच्या किंवा आईबापापैकी कुणाच्या खालच्या ओठावर दोन छोटे खळगे असतील तर तो वेगळा, थेट वारशाने येणारा प्रकार असू शकतो आणि त्यात शक्यता निम्मी-निम्मी असते. हे खळगे डॉक्टरांनाही पटकन दिसत नाहीत. आपणहून दाखवा.

सोनोग्राफीत दिसलं तर

१८ ते २० आठवड्यांच्या दरम्यान बाळाचे अवयव बघायची सोनोग्राफी होते. त्यात फाटलेला ओठ बहुधा दिसतो. नुसती टाळू फाटलेली असेल तर ती बरेचदा सुटते. कायद्याने बंदी आहे ती लिंग सांगायला. बाळातला दोष डॉक्टर मोकळेपणाने सांगू शकतात, तेव्हा कागद हातात घेऊन समोर बसून विचारा: फक्त ओठच आहे का? हृदय, मेंदू, मूत्रपिंडं, हातपाय ठीक आहेत ना? हृदयाची वेगळी तपासणी लागेल का? गर्भजलाची तपासणी सुचवता का?

सोबत दुसरं काही नसेल तर हा पूर्ण दुरुस्त होणारा दोष आहे. मला स्पष्ट बोलू द्या: केवळ ओठ फाटलेला दिसला म्हणून गर्भपाताची घाई करणारे नातेवाईक भेटतात, आणि त्यांनी ऑपरेशन झालेलं एकही मूल पाहिलेलं नसतं. निर्णयाआधी एखाद्या प्लास्टिक सर्जनला भेटा आणि त्यांच्याकडचे आधीचे-नंतरचे फोटो बघा. सोबत गंभीर दोष असतील तर गोष्ट वेगळी. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २४ आठवड्यांपुढेही वैद्यकीय मंडळाच्या परवानगीची तरतूद गर्भपाताच्या कायद्यात आहे. प्रसूती मात्र बालरोगतज्ज्ञ हजर असतील अशाच ठिकाणी ठरवा.

जन्माच्या दिवशी

ओठ फाटलेला असो वा नसो, प्रत्येक बाळाची टाळू बॅटरीच्या उजेडात बघून, बोटाने चाचपून घ्यायला हवी. कधी वरून कातडी अखंड असते आणि आतला स्नायू दुभंगलेला. पडजीभ दोन टोकांची दिसणं ही त्याची खूण. अशी बाळं घरी जातात, दूध नाकातून येत राहतं आणि तीन वर्षांनी बोलणं कळत नाही म्हणून पुन्हा दवाखान्याची पायरी चढतात.

त्याच दिवशी डॉक्टरांना टूडी इकोबद्दल, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीबद्दल विचारा, विशेषतः नुसती टाळू फाटलेली असेल तर. ती काही सिंड्रोमसोबत, म्हणजे एकत्र येणाऱ्या जन्मजात दोषांसोबत येते. आणि एक गोष्ट तातडीची: हनुवटी अगदी लहान, मागे गेलेली, जीभ घशाकडे पडते, श्वास घेताना छाती आत ओढली जाते, असं असेल तर तो पियरे रॉबिन प्रकार असू शकतो. अशा बाळाला उताणं झोपवलं की श्वास अडतो. डॉक्टर कुशीवर किंवा पालथं झोपवायला सांगतात आणि नजर ठेवायला दवाखान्यातच ठेवतात. ते घरी नेण्याची घाई करायचीच नाही.

दूध: पहिले तीन महिने हेच काम

नुसता ओठ फाटलेला असेल तर बाळ बहुतेक वेळा अंगावर पितं. आईच्या अंगाचा मऊ भाग ती फट आपोआप भरतो, गरज पडली तर अंगठ्याने फट झाकायची. टाळू फाटलेली असेल तर चित्र बदलतं. आपण चोखतो तेव्हा तोंड बंद खोली होते म्हणून ओढ बसते. इथे खोलीचं छतच उघडं. बाळ तोंड हलवतं, पोटात काही जात नाही, दमून झोपतं, आणि घरचे म्हणतात, ‘किती शांत बाळ आहे!’ ते शांत नसतं, उपाशी असतं.

तेव्हा आईचंच दूध काढून पाजायचं. हाताने किंवा पंपाने, दिवसातून आठेक वेळा, रात्रीचीही एक वेळ न चुकवता. नाहीतर महिन्याभरात दूध आटतं. आपल्या उकाड्यात काढलेलं दूध बाहेर चार तासांपलीकडे ठेवू नका. फ्रिजमध्ये आतल्या बाजूला २४ तास राहतं. पाजायचं वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने. जुन्या घरांत चोच असलेलं चांदीचं बोंडलं सापडतं, तसलंच साधन नवजात बाळांच्या विभागात स्टीलचं किंवा प्लास्टिकचं मिळतं. दर वेळी उकळून घ्यायचं.

पाजताना बाळाला मांडीवर जवळजवळ बसतं करा, डोकं आपल्या कोपरावर, मान सरळ. आडवं पाजायचं नाही, दूध नाकात आणि कानाच्या नळीत जातं. बोंडल्याची चोच ज्या बाजूला फट नाही त्या बाजूने, गालाच्या आत टेकवा. थोडंसं सोडा. थांबा. घोट गिळल्याचं गळ्यावर दिसतं, मग पुढचं. बाळ बोटं ताणायला लागलं, भुवया उचलल्या, खोकलं, की वेग जास्त झालाय. ही बाळं दुधाबरोबर हवा खूप गिळतात, म्हणून मध्ये दोन-तीनदा उभं धरून ढेकर काढायचा. सगळं अर्ध्या तासात आटपायला हवं. त्याहून जास्त लागत असेल तर बाळ जितकं पितं तितकं दमण्यातच जातं. पद्धत बदला, नर्सला दाखवा. शेवटी उकळून गार केलेल्या पाण्याचा एक चमचा, म्हणजे फटीत दूध साचत नाही. नाकातून दूध येतं ते पुसायचं आणि पुढे चालू ठेवायचं. त्याने घाबरू नका. घाबरायचं ते बाळ निळं पडलं, पाजताना गुदमरलं, धापा टाकू लागलं, सुस्त झालं तर.

किती पाजायचं? पहिल्या आठवड्यानंतर वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण १५० मिली. तीन किलोच्या बाळाला ४५० मिली, आठ वेळांत विभागलं तर एका वेळी ५५ च्या आसपास. पुरतंय की नाही ते लंगोट सांगतात: दिवसाला सहा किंवा जास्त ओले. आणि वजनकाटा. जन्माचं वजन दोन आठवड्यांत भरून यायला हवं, पुढे रोज सरासरी २० ते ३० ग्रॅम. आशाताई घरी येते तेव्हा तिच्याकडून दर वेळी वजन करून कार्डावर लिहून घ्या. पिळता येणारी मऊ बाटली किंवा खास बूच असलेली बाटली डॉक्टरांच्या टीमने दिली तरच वापरा. बाजारातली साधी बाटली नको. बाळगुटी, मध, साखरपाणी काही नको.

कुणाकडे जायचं, पैसे कुठून

एक प्लास्टिक सर्जन पुरत नाही. सर्जन, दातांचे डॉक्टर, कानाचे डॉक्टर, स्पीच थेरपिस्ट आणि बालरोगतज्ज्ञ एका छताखाली बसतात अशी टीम शोधा.

सरकारी वाट आरबीएसकेची, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. त्याची देशातली सुरुवातच ६ फेब्रुवारी २०१३ ला पालघरमधून झाली, जो तेव्हा ठाणे जिल्ह्यातला तालुका होता. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी तो आहे आणि ओठ-टाळू त्याच्या यादीत आहेच. अंगणवाडी सेविका, आशाताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी घ्या, लोक त्याला डीईआयसी म्हणतात. स्माईल ट्रेन ही संस्था भारतात २००० पासून काम करते. मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत तिच्याशी जोडलेल्या रुग्णालयांत ऑपरेशन मोफत होतं. जनआरोग्य योजनेत तुमचं ऑपरेशन बसतं का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा. खासगी विम्यात ‘बाह्य जन्मजात दोष’ वगळल्याची ओळ असते. कंपनीच्या गटविम्यात ती कधीकधी नसते, एचआरला मेल टाकून लेखी उत्तर घ्या.

शिबिरांबद्दल थोडं. पंढरपूरला जन्मलेले आणि अमेरिकेत स्थायिक झालेले प्लास्टिक सर्जन डॉ. शरदकुमार दीक्षित वर्षानुवर्षं भारतात येऊन गावोगावच्या शिबिरांत असे ओठ मोफत शिवत, तेही स्वतः व्हीलचेअरवर असताना. २००१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ज्या काळात तालुक्याला सर्जनच नव्हता त्या काळी हे काम डोंगराएवढं होतं. पण शिबीर उठलं की पाठपुरावाही उठतो, हेही खरं. आज शहरापर्यंत पोचता येत असेल तर शिबिराऐवजी टीम निवडा. शिबिरातच झालं तर पुढची तारीख कुठली आणि कोणाकडे, हे लेखी घेतल्याशिवाय निघू नका.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच टीमला भेटलात तर आणखी एक फायदा. फट रुंद असेल तर दातांचे डॉक्टर टाळूवर बसणारी छोटी प्लेट आणि ओठावर पट्टी देतात. दर आठवड्याला ती घासून-बदलून हिरड्या जवळ आणतात, नाकाला आकार देतात. काम किचकट आहे, खेपा फार होतात. लांबच्या गावाहून येणाऱ्यांना झेपेलच असं नाही, आणि नाही झेपलं तरी ऑपरेशन होतं.

ओठाचं ऑपरेशन

तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान. सर्जन दहाचा जुना नियम सांगतात: वय दहा आठवडे, वजन दहा पौंड म्हणजे साडेचार किलो, हिमोग्लोबिन दहा. म्हणून वर वजनाचा एवढा धोशा लावला. नाक वाहत असेल, खोकला असेल तर तारीख पुढे जाते. लपवू नका, भुलीत धोका होतो. उपाशी ठेवण्याचे तास दवाखाना सांगेल. सर्वसाधारणपणे आईचं दूध चार तास आधी, वरचं दूध सहा तास आधी बंद. ‘रडतंय म्हणून दोन चमचे दिले’ हे डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे.

नंतर बाळाचा हात टाक्यांकडे जाऊ नये म्हणून कोपर वाकणार नाही असे पट्टे बांधतात. बघवत नाही, पण सोडू नका. टाक्यांवर हळद, काजळ, तेल काही नाही. वण सुरुवातीचे काही महिने लाल, कडक, उचललेला दिसतो. वर्षभरात तो मऊ पडत जातो. मालीश कधी सुरू करायचं ते सर्जन सांगतील.

आणि इथेच गळती होते. घरी पेढे वाटले जातात, मोबाईलवर पहिला फोटो जातो, आणि टाळूची तारीख कुणालाच आठवत नाही.

टाळूचं ऑपरेशन

साधारण ९ ते १८ महिन्यांच्या आत, कारण मूल याच वयात बोलायला लागतं. टाळू उघडी असताना बोलणं सुरू झालं की ते चुकीच्या जागेवरून आवाज काढायला शिकतं आणि ती सवय ऑपरेशनने जात नाही. ‘जरा मोठा होऊ दे, मग करू’ हा सल्ला नात्यातला कुणीही देईल. तो घेऊ नका. उशीर झालाच असेल तर मात्र ‘आता काय उपयोग’ म्हणून घरीही बसू नका.

पहिला दिवस रक्तस्रावाकडे लक्ष. पुढचे दोन-तीन आठवडे पातळ आणि गार-कोमट: पेज, वरणाचं पाणी, गाळलेली नाचणीची लापशी, ताक. चमचा तोंडात खोल घालायचा नाही. बिस्कीट, पोळी, कुरमुरे, खेळण्याची शिट्टी, पेन्सिल हे सगळं लांब. प्रत्येक खाण्यानंतर पाणी. काही मुलांत टाळूला छोटं छिद्र राहतं, वरण नाकातून येतं, ते दाखवा.

बोलणं

टाळू शिवून महिना-दीड महिना झाला की स्पीच थेरपिस्टला भेटायचं. मूल बोलत नाही म्हणून नव्हे, तर आपण त्याच्याशी कसं बोलायचं ते शिकायला.

‘म’ आणि ‘न’ हे आवाज नाकातूनच निघतात, त्यामुळे ते या मुलांना जमतात. ‘प, ब, त, ट, क’ साठी तोंडात हवा कोंडावी लागते. टाळू गळकी असेल तर हवा नाकातून निसटते. म्हणून ‘बाबा’चं ‘मामा’ होतं, ‘पाणी’चं ‘माणी’ किंवा नुसतं ‘आणी’. घरी बघायची सोपी युक्ती: छोटा आरसा नाकाखाली धरा आणि मुलाला ‘पोपट पेरू खातो’ म्हणायला लावा. आरशावर वाफ धरली तर हवा नाकातून जातेय. ‘मामा’, ‘नाना’ म्हणताना वाफ धरणारच, ती मोजायची नाही. काही मुलं ‘क’, ‘ट’ ऐवजी घशातच खटका देतात, शब्द मध्येच तुटल्यासारखा वाटतो. ही सवय थेरपीनेच मोडते.

घरी रोज दहा-पंधरा मिनिटं, खेळताना. ‘पापापा’ म्हणताना मुलाचं नाक चिमटीत हलकेच धरा, म्हणजे हवा तोंडातून जाणं कसं लागतं ते त्याला कळतं. मग चिमटी सोडून पुन्हा. घशातला खटका असेल तर ‘प’च्या आधी कुजबुजता ‘ह’ घ्यायला शिकवतात. चुकीचं बोलल्यावर ‘नीट बोल’ म्हणून दटावू नका. ते ‘मामा आले’ म्हणालं तर आपण ‘हो, बाबा आले’ असं स्पष्ट, जरा सावकाश म्हणायचं आणि पुढे जायचं.

फुगे फुगवा, शिट्टी वाजवा, मेणबत्ती विझवा हे व्यायाम अजून सर्रास सांगितले जातात. त्याने बोलणं सुधारतं असा पुरावा नाही. फुंकर मारायचं काम वेगळं, ‘प’ म्हणायचं वेगळं. तो वेळ शब्दांना द्या.

तिसऱ्या वर्षी परक्या माणसाला मुलाचं बरंचसं बोलणं कळायला हवं. चार-पाच वर्षांपर्यंत थेरपी करूनही आवाज नाकातच राहिला तर टाळू लांबीला किंवा हालचालीला कमी पडतेय. दुर्बिणीने किंवा एक्स-रेच्या व्हिडिओत ते दिसतं आणि दुसरं ऑपरेशन लागतं. चार-पाच मुलांमागे एखाद्याला ते लागतंच, त्यात पहिल्या सर्जनचं चुकलं असं नाही. आणि हे मात्र लाल शाईने लिहून ठेवा: ॲडिनॉइड (नाकामागची मऊ गाठ) काढायचा सल्ला कुणी दिला तर आधी आपल्या टीमला विचारा. कमी पडणारी टाळू पुष्कळदा त्या ॲडिनॉइडला टेकूनच काम भागवत असते. तो काढला की बोलणं एका दिवसात बिघडू शकतं.

कान आणि दात

टाळूचे स्नायू कानाची नळी उघडतात, म्हणून टाळू फाटलेल्या मुलांच्या कानाच्या पडद्याआड पाणी साचतं. दुखत नाही, ताप नाही, फक्त ऐकू कमी येतं, आणि आपण म्हणतो ‘लक्षच देत नाही’. जन्मानंतर ऐकू येतं का ते बघणारी ओएई किंवा बेरा तपासणी, मग निदान दर सहा महिन्यांनी कान. गरज पडली तर पडद्यात छोटी नळी बसवतात.

फटीजवळचा दात नसतो, वाकडा येतो किंवा जादाचा येतो. दुधाचे दात पडणारच म्हणून किडू देऊ नका. हिरडीतली फट भरायला साधारण ८ ते ११ वर्षांच्या दरम्यान, सुळा उतरण्याआधी, कमरेच्या हाडाचा चुरा तिथे भरतात. ही वेळ चुकली की सुळ्याला आधारच मिळत नाही. नंतर तारा. वरचा जबडा मागे राहिला तर त्याचं ऑपरेशन वाढ थांबल्यावर, सतरा-अठराच्या सुमारास. नाकाचंही बहुधा तेव्हाच.

शाळा, आणि पुढे

जूनमध्ये वर्गशिक्षिकेला पाच मिनिटं भेटा. ऐकायला कमी येत असेल तर पहिला बाक मागा. तोंडी परीक्षेत थोडा वेळ जास्त मागा. टोपणनावांचा त्रास होणार हे गृहीत धरा आणि मुलाला एक छोटं उत्तर तयार करून द्या: ‘जन्मताना ओठ जुळला नव्हता, ऑपरेशन झालंय.’ एवढं सपाट उत्तर मिळालं की चिडवणाऱ्याची मजा जाते. ते घरी आरशासमोर म्हणून घ्या. बोलण्यात किंवा ऐकण्यात मोठी अडचण उरली तर २०१६ च्या कायद्याखाली वाचा-भाषा आणि श्रवण यांची दिव्यांग प्रमाणपत्रासाठी तपासणी होते. नुसत्या ओठाच्या वणावर ते मिळत नाही.

बारा-तेरा वर्षांनंतर पुढचं ऑपरेशन हवं की नको, हे मुलालाच विचारा. नाक थोडं वाकडं राहिलंय याचा त्रास कधी आईलाच जास्त होत असतो.

सगळे कागद एका फाईलमध्ये ठेवा: सोनोग्राफी, ऑपरेशनच्या नोंदी, कानाचे रिपोर्ट, दर वर्षी त्याच्या आवाजाचं एक रेकॉर्डिंग. मूल मोठं होऊन संसाराला लागेल तेव्हा ती फाईल त्याच्या हवाली करा. त्याच्या बाळाला हा दोष असण्याची शक्यताही साधारण शंभरात तीन ते पाच. खालच्या ओठावर खळगे असतील तर निम्मी. फॉलिक ॲसिड जोडीदाराने आधीच सुरू करायचं आणि पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीला जाताना फाईल सोबत न्यायची.